एका बटणाचा शोध

पुणे जिल्ह्याच्या जुन्नर तालुक्यात, नारायणगावापासून पूर्वेस सुमारे दहा किलोमीटर अंतरावर, खोडद नावाचे गाव आहे. या गावाच्या शिवारात गेले, की हिरव्या मळ्यांच्या पलीकडे प्रचंड वाडग्यांसारख्या अँटेना आकाशाकडे तोंड करून उभ्या असलेल्या दिसतात. प्रत्येक वाडग्याचा व्यास ४५ मीटर आहे. अशा एकंदर ३० अँटेना आहेत. त्यांपैकी १४ सुमारे एक चौरस किलोमीटर क्षेत्रात आहेत आणि उरलेल्या १६ इंग्रजी 'वाय' अक्षराच्या आकारात तीन दिशांना पसरलेल्या आहेत. सर्वांत दूरच्या दोन अँटेनांमध्ये सुमारे २५ किलोमीटरांचे अंतर आहे. या सर्व मिळून एक दुर्बीण होते. जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप हे तिचे नाव. परिसरातील लोक तिला थोडक्यात 'जीएमआरटी' म्हणतात. प्रा. गोविंद स्वरूप (१९२९–२०२०) यांच्या नेतृत्वाखाली ही दुर्बीण उभी राहिली. ताऱ्यांकडून आणि दीर्घिकांकडून येणाऱ्या अत्यंत क्षीण रेडिओलहरी ती टिपते.

दर वर्षी २८ फेब्रुवारीला, राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या निमित्ताने, या ठिकाणी विद्यार्थ्यांनी तयार केलेल्या उपकरणांचे प्रदर्शन भरत आले आहे. अशा प्रदर्शनात मांडण्यासाठी तुमच्या वर्गाने खोडदच्या अँटेनेची एक लहानशी प्रतिकृती करावयाचे ठरविले आहे, असे समजू. वाडगा तारेच्या जाळीचा केला, त्याखाली पायरीपायरीने फिरणारी एक छोटी मोटार बसविली, आणि अंश दाखविण्यासाठी एक इवलासा पडदाही जोडला. आता राहिले ते एकच. प्रतिकृतीला हुकूम देण्यासाठी एक बटण हवे. ते फिरविले, की वाडगा फिरला पाहिजे. आणि तेच बटण दाबले, की एखादी आज्ञा पक्की झाली पाहिजे. दोन कामांसाठी दोन बटणे बसविण्यास पेटीवर जागा नाही. म्हणून फिरणारे आणि दाबले जाणारे असे एकच बटण शोधावयाचे आहे.

काम सोपे वाटते. परंतु अडचण पहिल्याच पावलाला येते. मंचर, घोडेगाव किंवा जुन्नर येथील एखाद्या दुरुस्तीच्या दुकानात जाऊन तुम्ही म्हणता, "एक बटण द्या." आपल्या भाषेत बटण हा शब्द मोठा उदार आहे. सदऱ्याला असते तेही बटण, दिवा लावण्यासाठी दाबतो तेही बटण आणि रेडिओचा आवाज वाढविण्यासाठी फिरवितो तेही बटणच. दुकानदार विचारतो, "कसले बटण?" तुम्ही उत्तर देता, "फिरवायचे." त्यावर तो एक वस्तू काढून पुढे ठेवतो. तिला गोल दांडा आहे, खाली तीन पाय आहेत आणि दांडा छान फिरतो. तुम्ही समाधानाने घरी येता. परंतु ती जोडल्यावर लक्षात येते, की दांडा पुरता एक फेराही फिरत नाही. सुमारे ३०० अंश फिरून तो अडतो. आणि दाबला तर मुळीच हालत नाही.

यात दुकानदाराचा दोष नाही आणि वस्तूही वाईट नाही. ती आहे 'पोटेन्शिओमीटर'. दुकानात तिला 'पॉट' किंवा 'व्हॉल्यूम कंट्रोल' म्हणतात. तिच्या पोटात कार्बनची एक वाकडी पट्टी असते आणि दांड्याबरोबर फिरणारा एक संपर्क त्या पट्टीवरून सरकतो. संपर्क जसजसा पुढे सरकतो, तसतसा विजेला होणारा विरोध बदलतो. जुन्या रेडिओत आवाज कमीजास्त होत असे तो याच युक्तीने. त्या रेडिओंतील काही बटणे फिरविताच आरंभी 'कट्' असा आवाज होऊन रेडिओ चालू होई. एकाच दांड्याला दोन कामे सांगण्याची हौस तेव्हापासूनची आहे. पट्टीला आरंभ आणि शेवट असल्यामुळे असा दांडा गोल गोल फिरत राहू शकत नाही. तो प्रत्येक क्षणी 'मी येथे आहे' एवढे मात्र बिनचूक सांगतो.

तुम्हाला हवी असलेली वस्तू निराळी आहे. तिचे नाव 'रोटरी एन्कोडर', आणि पुरते नाव सांगावयाचे तर 'दाबबटण असलेला रोटरी एन्कोडर'. नाव नीट सांगितले, की अर्धा शोध संपतो. परंतु नाव पाठ करण्यापेक्षा त्या वस्तूचे काम समजून घेणे अधिक चांगले. कारण काम समजले म्हणजे नाव विसरले तरी वस्तू ओळखता येते.

अशी कल्पना करा, की नारायणगावाहून खोडदला जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला दोन मुले थोड्या अंतराने बसली आहेत. पहिले मूल नारायणगावाच्या बाजूला आणि दुसरे खोडदच्या बाजूला. समोर बैलगाडी असेल तोवर हात वर ठेवावयाचा आणि ती गेली की खाली घ्यावयाचा, असा त्यांचा नेम आहे. गाडी इतकी लांब आहे, की काही क्षण ती दोघांच्याही समोर असते. आता दूर टेकडीवर बसलेल्या तुम्हाला रस्ता दिसत नाही, केवळ वर झालेले हात दिसतात. आधी पहिल्याचा हात वर झाला, मग दोघांचे हात वर दिसले, नंतर केवळ दुसऱ्याचा राहिला आणि शेवटी तोही खाली आला, तर गाडी खोडदकडे गेली. हाच क्रम उलटा दिसला, तर ती नारायणगावाकडे गेली. एकच मूल असते तर किती गाड्या गेल्या हे कळले असते, परंतु त्या कोणीकडे गेल्या हे कळले नसते. दिशा कळण्यासाठी दोन साक्षीदार लागतात आणि तेही थोडे मागेपुढे बसलेले.

एन्कोडरच्या पोटात नेमके हेच घडते. दांड्याबरोबर एक चकती फिरते आणि तिच्यावर दोन संपर्क टेकलेले असतात. चकती फिरली, की ते आळीपाळीने जोडले जातात आणि तुटतात. परंतु एक संपर्क दुसऱ्यापेक्षा किंचित आधी. कोणता संपर्क आधी बदलला हे पाहून यंत्राला दिशा कळते आणि बदल किती वेळा झाला हे मोजून किती घरे फिरले ते कळते. बोटाला घरे जाणवावीत म्हणून आत एक खाचांची योजना असते. त्यामुळे दांडा फिरविताना 'खट्, खट्' असे हलके झटके लागतात. पुष्कळशा एन्कोडरमध्ये एका फेऱ्यात अशी २० घरे असतात. काहींत २४ असतात. चकतीला आरंभ नाही आणि शेवटही नाही, म्हणून दांडा हवे तितके फेरे घेऊ शकतो.

आता वस्तू हातात घेऊन पारखावी. एका बाजूला तीन पाय असतील. त्यांपैकी मधला बहुधा दोन्ही संपर्कांचा सामाईक असतो आणि कडेचे दोन म्हणजे आपले दोन साक्षीदार. समोरच्या बाजूला आणखी दोन पाय आहेत की नाहीत, हे अवश्य पाहावे. असतील तर दांड्याखाली दाबबटण आहे, नसतील तर नाही. वरून दोन्ही प्रकार अगदी सारखे दिसतात आणि येथेच पुष्कळांची फसगत होते. दांडा हलकेच दाबून पाहावा. तो किंचित आत जाऊन 'टिक्' असा आवाज आला पाहिजे. दुकानात मल्टिमीटर असेल तर त्याच्या दोन टोकांनी ते दोन पाय जोडून दांडा दाबावा. दाबताच मल्टिमीटर वाजला आणि सोडताच थांबला, तर बटण चांगले आहे. त्याचप्रमाणे मधला पाय आणि कडेचा एक पाय जोडून दांडा सावकाश फिरवावा; आवाज सुरू व्हावा, थांबावा, पुन्हा सुरू व्हावा.

दांड्याकडेही लक्ष द्यावे. तो बहुधा सहा मिलिमीटर जाडीचा असतो. परंतु काहींची एक बाजू घासून सपाट केलेली असते, तर काहींच्या अंगावर बारीक दाते आणि मध्ये चीर असते. वर बसविण्याची टोपी, म्हणजे नॉब, वेगळी विकत घ्यावी लागते. सपाट बाजूच्या दांड्याची टोपी दात्यांच्या दांड्यावर नीट बसत नाही. दांडा पेटीच्या भिंतीतून बाहेर येऊन वर टोपीसाठी पुरेसा उरला पाहिजे आणि टोपीखाली दाबण्यापुरती मोकळी जागाही राहिली पाहिजे. नाहीतर टोपी भिंतीला टेकते आणि बटण दाबले जात नाही. काही ठिकाणी हाच एन्कोडर छोट्या हिरव्या किंवा काळ्या पाटीवर बसविलेला मिळतो. पाच तारा लावल्या, की काम झाले. नवशिक्यांना तो सोयीचा पडतो. परंतु पेटीत बसविण्यास थोडी अधिक जागा लागते.

ही वस्तू गावात मिळाली नाही, तर पुण्यास बुधवार पेठेतील तपकीर गल्लीत किंवा मुंबईस लॅमिंग्टन रोडवर विजेच्या सुट्या भागांची दुकाने आहेत. परंतु एस.टी.चे तिकीट काढण्यापूर्वी घरातील आणि दुरुस्तीच्या दुकानातील मोडक्या वस्तू पाहाव्यात. नव्या पद्धतीचा मोटारीतील रेडिओ, बिघडलेली मायक्रोवेव्ह शेगडी, अशा वस्तूंत गोल गोल फिरणारे बटण असेल, तर आत बहुधा एन्कोडर दडलेला असतो. वीज तोडलेली आहे याची खात्री करून, आणि जाणत्या माणसाला जवळ बसवून, तो काढावा. मायक्रोवेव्ह शेगडी मात्र स्वतः कधीही उघडू नये. वीज तोडल्यावरही तिच्यात जीवघेणा विद्युत्भार साठून राहिलेला असू शकतो.

एन्कोडर जोडून झाल्यावरही एक खोडी तुम्हाला त्रास देईल. बटण एकच घर फिरविले आणि वाडगा तीन घरे सरकला, असे कधीकधी होते. त्याचे कारण असे, की धातूचे संपर्क एकमेकांना लागताना चेंडूसारखे उसळतात. ही उसळी काही हजारांश सेकंदच टिकते. आपल्याला ती जाणवत नाही, पण यंत्र इतके चपळ असते, की ते प्रत्येक उसळी मोजते. यावर उपाय दोन. एक लहानसा कपॅसिटर जोडून उसळी शांत करावी, किंवा बदल दिसल्यावर क्षणभर थांबून मगच त्यावर विश्वास ठेवावा अशी सूचना यंत्राला द्यावी.

असो. प्रतिकृती तयार झाली. एका घराला एक अंश असा हिशेब ठेवला. पूर्ण फेऱ्यासाठी ३६० घरे, म्हणजे बटणाचे १८ फेरे. हे फार होतात, म्हणून एकदा बटण दाबले की एका घराला दहा अंश आणि पुन्हा दाबले की परत एक अंश, अशी सोय केली. पडद्यावर शून्य होते. तुम्ही बटण फिरविले. वाडगा नव्वद अंशांवर, पूर्वेकडे वळला. पाहणारे आनंदले. आणि इतक्यात वीज गेली.

थोड्या वेळाने वीज आली. पडद्यावर पुन्हा शून्य उमटले. परंतु वाडगा कोठे आहे? तो पूर्वेकडेच तोंड करून उभा आहे! आता तुम्ही नव्वद अंशांची आज्ञा दिली, तर तो दक्षिणेकडे वळेल. आणि पडदा मात्र निःशंकपणे 'पूर्व' असे सांगेल. यंत्र बिघडलेले नाही, ते खोटेही बोलत नाही. ते केवळ विसरले आहे. एन्कोडर 'किती फिरलो आणि कोणीकडे' एवढेच सांगतो. 'मी आता कोठे आहे' हे तो कधीच सांगत नाही. ते आपण बेरीज-वजाबाकी करून ठरवितो, आणि ती बेरीज पुसली गेली की सारेच पुसले जाते. मायेने जोपासलेला हिशेब हरवलेल्या वाण्यासारखी यंत्राची स्थिती होते.

येथे दाबबटणाचे खरे मोल कळते. वाडग्याखाली उत्तरेची एक खूण करून ठेवावी. वीज आल्यावर वाडगा त्या खुणेपाशी आणावा आणि बटण थोडा वेळ दाबून धरावे. त्याचा अर्थ असा ठरवावा, की 'हे शून्य. येथून मोजणी सुरू.' फिरविणे सांगते 'किती', आणि दाबणे सांगते 'कोठून'. दोन्ही मिळून उत्तर पुरे होते. एकाच दांड्यात ही दोन कामे का गुंफली, हे आता तुमच्या ध्यानात येईल.

परंतु खऱ्या अँटेनेचे काय? ४५ मीटर व्यासाचा वाडगा वीज आल्यावर दर वेळी कोणीतरी खुणेपाशी नेऊन ठेवावा, हे शक्य नाही. शिवाय तेथे थोडीही चूक चालत नाही. पृथ्वी फिरत असल्यामुळे आकाशातील तारा दर तासाला सुमारे पंधरा अंश सरकत जातो आणि अँटेनेला त्याच्या मागोमाग वळत राहावे लागते. २१ सेंटिमीटर लांबीच्या लहरी टिपताना अशा एका अँटेनेच्या दृष्टीत आकाशाचा जो तुकडा मावतो, तो पौर्णिमेच्या चंद्रबिंबापेक्षाही थोडा लहान असतो. अर्धा अंश चूक झाली, की शोधलेली वस्तू दृष्टीबाहेर गेलीच म्हणून समजावे. सोसाट्याचा वारा सुटला, तर वाडगा आकाशाच्या माथ्याकडे तोंड करून थांबवून ठेवावा लागतो. अशा वेळी त्याचे तोंड कोठे आहे हेच ठाऊक नसेल, तर एवढे मोठे यंत्र धोक्यात येईल.

म्हणून खोडदच्या अँटेनांच्या अक्षांवर दुसऱ्या जातीचे एन्कोडर आहेत. त्यांना 'निरपेक्ष एन्कोडर' म्हणतात. अशा एन्कोडरच्या तबकडीवर एकाच रांगेच्या खुणा नसतात. एकात एक अशी अनेक वर्तुळे कोरलेली असतात आणि प्रत्येक वर्तुळाचे काही भाग उजळ तर काही काळे असतात. एका वर्तुळाने दोन जागा ओळखता येतात, दोन वर्तुळांनी चार, तिनांनी आठ. प्रत्येक नव्या वर्तुळाने संख्या दुप्पट होते. खोडदचे एन्कोडर १७ अंकी आहेत. दोनाला सतरा वेळा गुणिले, की १,३१,०७२ ही संख्या येते. म्हणजे एका फेऱ्यात इतक्या वेगवेगळ्या जागा ओळखता येतात. एका अंशाचे ३६४ हून अधिक भाग झाले! प्रत्येक जागेचा उजळ-काळ्याचा नमुना निराळा असल्यामुळे मागचे काहीही आठवावे लागत नाही. वीज गेली आणि आली, तरी पहिल्याच क्षणी तबकडी सांगते, 'मी येथे आहे.'

अशा तबकड्यांवर वर्तुळांची मांडणी बहुधा एका विशेष पद्धतीने करतात. शेजारच्या दोन जागांमध्ये एकाच वर्तुळाचा रंग बदलावा, एकदम दोनतीन वर्तुळांचे नव्हे, असा तिचा नियम आहे. त्यामुळे सीमेवर वाचताना चूक झाली तरी ती एका घरापेक्षा अधिक होत नाही. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेतील फ्रँक ग्रे यांना या पद्धतीचे पेटंट १९५३ मध्ये मिळाले, म्हणून तिला ग्रे संकेत म्हणतात. मौज अशी, की रस्त्याच्या कडेच्या आपल्या दोन मुलांनीही हाच नियम पाळला होता. कोणीच नाही, पहिला, दोघे, दुसरा, पुन्हा कोणीच नाही. प्रत्येक वेळी एकाचाच हात बदलला. तुमच्या पेटीवरचे चिमुकले बटण आणि खोडदची महाकाय अँटेना यांचे असे जवळचे नाते आहे.

मग प्रतिकृतीसाठीही निरपेक्ष एन्कोडरच का घेऊ नये, असे तुम्ही विचाराल. घेता येईल, परंतु तो महाग असतो आणि बोटाने हुकूम देण्याच्या कामी त्याची गरज नसते. हुकूम देणाऱ्या हाताला 'किती आणि कोणीकडे' एवढेच सांगावयाचे असते. 'मी कोठे आहे' हे सांगण्याची जबाबदारी फिरणाऱ्या अक्षाची. स्वस्त वस्तू हलकी नसते आणि महाग वस्तू नेहमीच योग्य नसते. जिचे काम तिला द्यावे.

म्हणून विद्यार्थीमित्रांनो, दुकानाच्या पायरीवर पाय ठेवण्यापूर्वी आपल्या मनाला एक प्रश्न विचारा : 'या वस्तूकडून मला कोणत्या प्रश्नाचे उत्तर हवे आहे?' ते उत्तर एका ओळीत लिहा. फिरायचे किती, दाबायचे की नाही, अडायचे की अडायचे नाही, वीज गेल्यावर आठवण राहावी की नाही, हे सारे त्या ओळीत आले पाहिजे. ती ओळ दुकानदाराला वाचून दाखविली, की तो 'कसले बटण?' असे पुन्हा विचारणार नाही.